रॅम चार जीबीची, दिसते तीनच! कर्नल आणि मेमरी समजून घेऊ या



आमच्या शाळेतल्या जुन्या संगणकाची रॅम लोकवर्गणीतून २ जीबीची ४ जीबी केली. स्क्रीनवर मात्र वापरण्याजोगी ३.२४ जीबीच दिसली. बैठकीत एका पालकाने सरळ विचारले, "सर, पैसे चारचे देले, मंग तीनच काऊन दिसते?" प्रश्न गावाच्या पैशाचा होता, म्हणून रास्तच. दोष रॅमचा नव्हता आणि दुकानदाराचाही नव्हता. उत्तर कर्नलमध्ये होते.

कर्नल म्हणजे काय?

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, कधी परत घ्यायची, हे तोच ठरवतो. पोषण आहाराची कोठी सांभाळणाऱ्या माणसासारखे त्याचे काम.

३२-बिटचे गणित

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला घर नंबर असतो. ३२-बिट पद्धतीत हा नंबर ३२ अंकी द्विमान संख्येत लिहितात. २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ नंबर. बरोबर ४ जीबी! पण यातलेच काही नंबर ग्राफिक्स कार्डासारख्या भागांना द्यावे लागतात. मग तेवढी रॅम जागेवर असूनही बिननंबरी राहते.

लिनक्सचा ३२-बिट कर्नल तयार करताना 'हाय मेमरी' सेटिंगला तीन पर्याय असत: बंद, ४ जीबी आणि ६४ जीबी. तिसऱ्या पर्यायात पीएई ही सोय वापरून नंबर ३६ बिटांचा करतात. ६४-बिट कर्नलला ही कसरत लागत नाही. मात्र मदरबोर्डनेही साथ द्यावी लागते.

प्रोसेसर एक की अनेक?

समजा, कोठीत ५० किलो तांदूळ आहे. दोन ताईंनी एकदमच नोंदवही पाहिली. दोघींनी ५-५ किलो नेला आणि दोघींनीही '४५ शिल्लक' लिहिले. प्रत्यक्षात उरला ४०! एकच ताई असती तर हा घोळ झालाच नसता.

एकापेक्षा जास्त प्रोसेसर एकच मेमरी वापरतात तेव्हा हेच होऊ शकते. म्हणून कर्नल नोंदवहीला 'कुलूप' लावतो. एकाचे लिहून झाले की मगच दुसऱ्याला वही मिळते. लिनक्समध्ये ही एसएमपी सोय १९९६ च्या २.० आवृत्तीपासून आली. कुलपापाशी रांग लागू नये म्हणून प्रत्येक प्रोसेसरजवळ मोकळ्या मेमरीचा छोटा साठाही ठेवतात, जसा ताईंच्या हाताशी तांदळाचा डबा.

एका प्रोसेसरच्या संगणकाला ही कुलपे म्हणजे फुकटचे काम. म्हणून पूर्वी दोन वेगळे कर्नल मिळत. एकेरी कर्नल दोन कोअरच्या संगणकात टाकला, तर दुसरा कोअर नुसता बसून राही.

पुण्याच्या सी-डॅकच्या 'परम ८०००' महासंगणकात (१९९१) वेगळी रीत होती. तिथे प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची मेमरी, आणि एकमेकांना निरोप पाठवून काम. म्हणजे प्रत्येक ताईची कोठीच वेगळी!

रॅम कमी असेल तर

रॅम भरली की कर्नल काही सामान हार्ड डिस्कवर हलवतो. याला स्वॅप म्हणतात. डिस्क फार हळू, म्हणून संगणक रखडतो. लिनक्समधले 'स्वॅपीनेस' सेटिंग सहसा ६० असते. ते १० च्या आसपास ठेवले की प्रोग्राम डिस्कवर हलवायची घाई कमी होते. पण रॅम फारच अपुरी असेल तर त्याने चमत्कार होत नाही.

रॅम घेण्याआधी हे पाहा

१. सिस्टीम ३२-बिट आहे की ६४-बिट? 'प्रॉपर्टीज'मध्ये दिसते.
२. प्रोसेसर ६४-बिट चालवू शकतो का?
३. मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो?

आमचा प्रोसेसर ६४-बिटचा निघाला. नवी रॅम न घेता फक्त ६४-बिट लिनक्स टाकले आणि आकडा ३.८ च्या आसपास गेला. उरलेली ग्राफिक्सने राखून ठेवली आहे. पुढच्या बैठकीत तांदळाचे उदाहरण देऊन हा हिशेब फळ्यावर मांडला, तेव्हा तेच पालक म्हणाले, "हे आधी पाह्यलं असतं तं बरं झालं असतं."

खरे आहे. म्हणूनच हे लिहिले.