'ओव्हर' आणि 'थ्रू'

न्यूकॅसल, नोव्हेंबर

आमच्या वॉर्डातल्या एका आजींचे यजमान महिन्यापूर्वी गेले. सकाळी औषधं द्यायला गेले, तर त्या खिडकीकडे बघत बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला आणि मला येत होता तेवढा धीर दिला, 'यू विल गेट ओव्हर इट.' आजींनी हात सोडवला नाही. शांतपणे म्हणाल्या, याच्या 'ओव्हर' कुणी जात नसतं गं, 'थ्रू' जायचं असतं.

इंग्रजीच्या परीक्षेसाठी 'गेट ओव्हर' आणि 'गेट थ्रू' या दोन्ही क्रियापदांचा अर्थ मी 'संकटातून बाहेर पडणे' असा एकच पाठ केला होता. आमच्या घनसावंगी तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे. ती पुलावरून ओलांडणं वेगळं आणि कमरेएवढ्या पाण्यातून पार करणं वेगळं. काठ तोच, पण पाण्यातून आलेला माणूस ओला असतो. सर्दी-तापाला, मैत्रिणीशी झालेल्या भांडणाला 'गेट ओव्हर' चालतं. नवरा गेलेल्या बाईला ते म्हटलं की 'विसराल हो' असं ऐकू येतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

वाईट याचंही वाटलं, की आजींचा शब्द माझ्या घरात होताच. आमच्या जांब गावची म्हातारी माणसं 'आम्ही बहात्तरचा दुष्काळ काढला' म्हणतात. दुष्काळ सरला असं नाही, काढला. 2012-13 मध्ये जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. आमचे दादा एवढंच म्हणाले, 'बाग गेली, पर वर्ष काढलं.' आजींचं 'थ्रू' ते हेच.

इंग्रजीची ही खोड जुनी आहे. 1755 सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सननं लिहून ठेवलंय, की क्रियापदामागे चिकटणारे हे छोटे शब्द परक्यांना सगळ्यात जड जातात. त्यांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव रूढ झालं ते बऱ्याच नंतर, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या 1925 सालच्या पुस्तकामुळे. पण इंग्रजी हे काम 'अप', 'ऑन', 'थ्रू'कडून करून घेते, तेच आपण दुसऱ्या क्रियापदाकडून घेतो. नुसतं सोसणं घ्या. 'सोसून घे' म्हणताना आई पाठीवर हात ठेवते. 'सोसत राहिली' म्हटलं की तिच्या मदतीला कुणी गेलं नाही, हे कळतं. 'सोसून दाखवलं' यात मान ताठ आहे. हे इंग्रज मुलीला शिकवायला बसले तर तीही जॉन्सनच्या परक्यांइतकीच दमेल.

इथल्या रुग्णाला समजून घ्यायचं, तर हे शेपटाचे शब्द यावेच लागतात. 'गुडघा प्लेइंग अप आहे' म्हणजे खोडकर पोरासारखा छळतोय. 'बेअरिंग अप' म्हणजे तग धरून आहे. 'पुट अप विथ' म्हणजे चालवून घेणं. या देशातली जुनी पिढी दुखणं कधी पुरतं सांगत नाही. कुरकुर करणं त्यांना कमीपणाचं वाटतं. पहिल्या वर्षी मी त्यांचा शब्द खरा धरून पुढच्या खाटेकडे जायची. एका रात्री 'आय कॅन पुट अप विथ इट' म्हणणाऱ्या आजोबांच्या कपाळावर घामाचे थेंब दिसले आणि मी डॉक्टरांना बोलावलं. तेव्हापासून आधी चेहरा आणि नाडी बघते. खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. माझी आईही अंगात ताप फणफणत असताना 'जराशी कणकण हाय' म्हणते.

या स्वभावाचं प्रसिद्ध चिन्ह आमच्या उत्तरेला अ‍ॅनिकमध्ये पाहिलं. जुन्या रेल्वे स्टेशनात बार्टर बुक्स नावाचं पुस्तकांचं दुकान आहे. 2000 साली तिथल्या पुस्तकांच्या एका पेटीत 'कीप काम अँड कॅरी ऑन' हे 1939 सालचं सरकारी पोस्टर सापडलं. सुमारे 25 लाख प्रती छापल्या होत्या, पण दुसऱ्या महायुद्धात त्या लोकांसमोर जवळजवळ आल्याच नाहीत. 'कॅरी ऑन' म्हणजे चालू ठेवा, थांबू नका. मला मात्र 'कोप विथ' जवळचं वाटतं. आज त्याचा अर्थ कसंबसं निभावणं, आमच्याकडचं धकवणं. पण मूळ फ्रेंच शब्द फटक्याचा, आणि पूर्वीच्या इंग्रजीत 'कोप' म्हणजे हातघाईवर येणं. म्हणजे चक्क दोन हात करणं! दमलेली नर्स 'आय ॲम कोपिंग' म्हणते, तेव्हा मला ते जुनं ऐकू येतं.

परवा चहाच्या सुट्टीत एका सहकारी नर्सनं विचारलं, तुझं गाव कशासाठी ओळखलं जातं? मी समर्थ रामदासांची गोष्ट सांगितली. 1608 साली आमच्याच गावात जन्म, नाव नारायण, लग्नात भटजींनी 'सावधान' म्हणताच तो मुलगा बोहल्यावरून गेला. मी 'रॅन अवे' म्हटलं. तिनं विचारलं, 'घाबरला का?' मला ते लागलं. नाही, म्हटलं, पुढे बारा वर्षं टाकळीला तपश्चर्या केली, मग देशभर पायी फिरला. तिनं थोडा विचार केला. 'मग तो रॅन अवे नाही,' ती म्हणाली, 'ही वॉक्ड अवे.' जाणूनबुजून, पाठ न दाखवता सोडून जाणं.

कथेत तो धावतच गेला होता, हे मी तिला सांगितलं नाही. फोनवर आईला मात्र सांगितलं. ती म्हणाली, 'बरोबर बोलली ती पोरगी. आपन बी निघून गेले म्हनतो, पळून गेले म्हनत न्हाई.'