लेकराला खांद्यावर घेतलेला मजूर टिपणारे दानिश सिद्दीकी

मार्च 2020. देशभर टाळेबंदी लागली होती. दिल्लीत बांधकामावर राबणारा एक मजूर पाच वर्षांच्या लेकराला खांद्यावर बसवून हमरस्त्याने पायी गावाकडे निघाला. गाव मध्य प्रदेशात, सुमारे 500 किलोमीटर दूर. ते छायाचित्र त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून आणि मोबाईलवरून घरोघरी पोचले. वाचकहो, आपणही ते पाहिले असेल. पण ते काढले कोणी? फोटोखाली नाव बारीक अक्षरात असते आणि ते वाचायची सवय आपल्याला नाही.

ते नाव दानिश सिद्दीकी. रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार. 16 जुलै 2021 रोजी अफगाणिस्तानात लढाईचे वार्तांकन करताना ते मारले गेले. वय अवघे 38.

1983 साली दिल्लीत त्यांचा जन्म झाला. वडील जामिया मिल्लिया इस्लामियात प्राध्यापक. दानिश यांनीही तिथेच अर्थशास्त्र आणि पुढे जनसंपर्क माध्यमांचे शिक्षण घेतले आणि टीव्हीवर बातमीदाराची नोकरी धरली. चांगली नोकरी होती. पण टीव्हीवर मोठ्यांच्या बातम्या चालतात, आतल्या गावातल्या साध्या माणसाला जागा मिळत नाही, हे त्यांना खटकत होते. 2010 साली ती नोकरी सोडून ते रॉयटर्समध्ये चक्क उमेदवार म्हणून लागले. सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या पायरीवर! आपल्या घरातला मुलगा असा वागला तर आपण काय म्हणू, याचा विचार आई-बापांनी जरूर करावा.

त्यांची बरीच वर्षे मुंबईत गेली. मराठा मंदिरात वर्षानुवर्षे चाललेला तो एकच सिनेमा आणि तो पाहायला येणारे प्रेक्षक त्यांनी टिपले. 2015 साली ते ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या डेंगणमाळला गेले. मुंबईपासून काही तासांवरचे हे गाव, पण घरात नळ नाही. पाणी वाहायला माणूस हवे म्हणून तिथे पहिली बायको असताना दुसरी, तिसरी करून आणलेली. डोईवर हंडे घेतलेल्या त्या बायांची छायाचित्रे जगभर छापली गेली. ज्या महानगराची तहान शहापूर तालुक्यातली धरणे भागवतात, त्या महानगराने ती नीट पाहिली की नाही, कोण जाणे.

2016 - 17 साली ते इराकमध्ये मोसुलच्या लढाईत होते. 2017 साली म्यानमारमधून जीव घेऊन पळालेले रोहिंग्या होडीने बांगलादेशात उतरत होते. एक थकलेली बाई वाळूत गुडघे टेकून किनाऱ्याला हात लावते आहे, मागे होडी, दूरवर धूर, असे त्यांचे एक छायाचित्र आहे. रक्ताचा थेंब नाही त्यात, तरी पोटात कालवते. या कामासाठी रॉयटर्सच्या छायाचित्रकारांना 2018 सालचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यात दानिश होते.

आम्हाला त्यांची थोरवी दिसते ती पुरस्कारापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत. फोटो काढून निघून जाणारे पुष्कळ असतात. हे परत जात. फेब्रुवारी 2020 च्या दिल्ली दंगलीत जमाव एका माणसाला काठ्यांनी झोडपत असल्याचे छायाचित्र त्यांनी जिवावर उदार होऊन काढले. तो माणूस वाचला. मग दानिश त्याला शोधून भेटले. खांद्यावर लेकरू घेतलेल्या मजुराचे गावही त्यांनी शोधून काढले आणि घरी पोचलेल्या बापलेकांना गाठले. फोटोतला माणूस पुढे कसा जगतो आहे, हे त्यांना कळून घ्यायचे असे.

वस्तीचे प्रश्न घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवताना आम्हाला एकच विचारतात, पुरावा काय? दहा अर्जांनी न हलणारा साहेब एका फोटोने हलतो, हे आम्ही पाहिले आहे. एप्रिल 2021 मध्ये करोनाचे किती बळी गेले यावर वाद चालू असताना दानिश यांनी आकाशातून दिल्लीच्या स्मशानाचे छायाचित्र घेतले. ओळीने पेटलेल्या चिता. लोकांच्या दुःखाचा बाजार मांडला म्हणून त्यांना शिव्या घालणारे निघाले. आमच्या मते ते छायाचित्र नसते, तर त्या चिता कोणी मोजल्याही नसत्या.

जुलै 2021 मध्ये अमेरिकन फौजा परत निघाल्या होत्या आणि तालिबान एकेक तालुका घेत चालले होते. दानिश कंदाहारला अफगाण कमांडोंबरोबर होते. 13 तारखेला त्यांच्या गाडीवर रॉकेट आदळले, ते थोडक्यात बचावले. तिथेच थांबले. 16 तारखेला पाकिस्तानच्या सीमेवरच्या स्पिन बोल्दाक येथे त्यांच्या हाताला छर्रा लागला. जवळच्या मशिदीत मलमपट्टी झाली. माघारीच्या गोंधळात ते आणि दोन कमांडो मागे राहिले, असे एका अफगाण सेनाधिकाऱ्याने पुढे सांगितले. तालिबान म्हणाले, चकमकीत गेले. आई-वडील म्हणतात, पकडून, हाल करून मारले. मार्च 2022 मध्ये त्यांनी हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे तक्रार दाखल केली.

13 तारखेनंतर त्यांना परत का बोलावले नाही, असे त्यांच्या काही सहकाऱ्यांनीही विचारले. रास्त प्रश्न आहे. माणूस स्वतःहून पुढे होत असला, तरी धोक्याच्या कामावरून त्याला मागे ओढायचे काम वर बसलेल्यांचे असते. गिरणी असो, गटार असो की रणभूमी.

18 जुलैच्या रात्री दिल्लीत जामियाच्या कब्रस्तानात त्यांना मूठमाती देण्यात आली. मे 2022 मध्ये करोनाकाळातल्या छायाचित्रांसाठी त्यांना आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांना पुन्हा पुलित्झर जाहीर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला तो घ्यायला त्यांची दोन लहान मुले व्यासपीठावर गेली. थोरला सहा वर्षांचा, धाकटी चार वर्षांची.