एका छपराखाली आजोबा आणि विद्यार्थी



माझे एक जुने सोबती आहेत. आम्ही तीस वर्षे एकाच शाळेत मुलांना शिकवले. त्यांची दोन्ही मुले पुण्याला नोकरीला. निवृत्तीच्या पैशातून गुरुजींनी साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावर घर घेतले. तेव्हा पाय धड होते. आता गुडघे गेले. इमारतीला लिफ्ट नाही. गेल्या वर्षी ते पावसाळ्यात जे घरात बसले, ते दिवाळीलाच खाली उतरले. तेही दोघांच्या खांद्यावर हात टाकून. मला म्हणाले, "हेडमास्तर, घर माझ्या मालकीचं आहे, पण मी घराच्या कैदेत आहे."

त्यांच्याच गल्लीत एका पत्र्याच्या खोलीत माण तालुक्यातली चार मुले राहतात. कॉलेजात शिकतात. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसात वाजतो. एका दिव्याखाली चौघांची चार पुस्तके.

आता बघा, एकीकडे घर आहे पण माणूस नाही. दुसरीकडे माणसे आहेत पण जागा नाही. या दोघांना एकाच इमारतीत नीट बसवता येईल काय? येईल. पण ती इमारत विचार करून बांधली पाहिजे. तो विचार कसा करायचा, ते आज पाहू.

दाट म्हणजे कोंदट नव्हे

पहिला प्रश्न जमिनीचा. सातारा काय, सांगली काय, शहर वाढते ते शेताला खाऊन. उसाची, हळदीची काळी जमीन एकदा घराखाली गेली की परत येत नाही. म्हणून थोड्या जागेत जास्त घरे बसवावी लागतात.

थोडे गणित करू. एक एकर म्हणजे ४० गुंठे. रस्त्याला १० गुंठे सोडले, तर उरलेल्या ३० गुंठ्यांत दीड दीड गुंठ्याची २० बैठी घरे बसतात. आता त्याच एकरात १२ गुंठ्यांवर चार मजली इमारत बांधा. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. म्हणजे एका मजल्याला सुमारे १३,००० आणि चार मजल्यांना ५२,००० चौरस फूट. जिने, भिंती, व्हरांडे यांसाठी चौथा हिस्सा वजा करा. ३९,००० उरले. ४०० चौरस फुटांचे एक घर धरले, तर नव्वदच्या वर घरे झाली. शिवाय २८ गुंठे रस्त्याला, अंगणाला नि झाडांना मोकळे राहिले!

पण दाट वस्ती म्हणजे माणसे कोंबणे नव्हे. मुंबईच्या बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात बांधल्या. १६० चौरस फुटांची एक खोली, मजल्यावर २० खोल्या आणि संडास सामाईक. एका खोलीत सबंध कुटुंब. तिथे शेजारधर्म मोठा होता, हे खरे. कोणी आजारी पडले तर चार दारे उघडत. पण रात्री म्हाताऱ्या माणसाला संडासासाठी लांबचा व्हरांडा तुडवावा लागे. चाळीतला शेजार घ्यावा आणि चाळीतली गैरसोय टाकावी, हा आपला धडा.

साताऱ्यातला जुना दाखला

विद्यार्थ्यांना एकत्र राहण्याची सोय करणे साताऱ्याला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची खेड्यापाड्यांतली मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव दिले गेले. मुले स्वतः कामे करीत आणि शिकत. मुलांच्या जेवणाची अडचण आली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले.

यातून काय दिसते? दगडविटांनी खोल्या होतात. एकत्र पंगत, एकत्र काम आणि मायेचे वडीलधारे माणूस, यांनी वसतिगृह होते. तीच माया आज आपल्या रिकाम्या घरांत एकटी बसली आहे.

इमारत कशी असावी?

म्हाताऱ्या माणसासाठी पहिली गोष्ट म्हणजे पायरी. दारातून अंगणात जाताना एकही पायरी नको. तिथे उतार करावा. उताराचा हिशेब सोपा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोते अडीच फूट उंच असेल तर उतार तीस फूट लांब हवा. त्याहून खडा केला तर चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याचाही दम निघतो. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जमीनच चढाची आहे. तिथे एक युक्ती करता येते. वरच्या अंगाला रस्ता असेल तर त्या बाजूने सरळ दुसऱ्या मजल्यावर सपाट वाट काढावी. म्हणजे दोन मजले बिनपायरीचे होतात.

घराचे दार तीन फूट रुंद असावे. उंबरा नको. न्हाणीघरात गुळगुळीत फरशी घालू नये. ओल्या पायाला खरबरीतच बरी. भिंतीला धरायला पक्की दांडी हवी. आणि न्हाणीचे दार बाहेर उघडावे. का? आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते आणि मदत बाहेरच राहते. लिफ्ट आजाऱ्याची स्ट्रेचर आडवी मावेल एवढी असावी. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि वळणावर बसायला एक बाक. बाक लहान गोष्ट आहे, पण त्यावर टेकायला मिळते म्हणून माणूस घराबाहेर पडतो.

विद्यार्थ्याची गरज वेगळी. त्याला झोपायला खाट, पुस्तकाला फळी, उजेडाची खिडकी आणि अभ्यासाला शांत जागा लागते. त्याची रात्र बाराला होते, आजोबांची नवाला. म्हणून विद्यार्थ्यांच्या खोल्या आजोबांच्या निजण्याच्या खोलीवर बरोबर डोक्यावर नकोत. मुलांचे एक अंग, वडीलधाऱ्यांचे दुसरे अंग आणि मधे दोघांची सामाईक जागा असावी. एक खाणावळ, एक वाचनालय आणि अंगणात झाडाखाली पार. ही जागा येण्याजाण्याच्या वाटेवरच हवी. कोपऱ्यात ठेवली तर तिला कुलूप लागते. वाटेवर असली तर जाता जाता बोलणे होते. मात्र आपले दार लावून घेण्याची मोकळीक दोघांनाही हवी. शेजार हवा, पहारा नको.

सांगलीची गोष्ट निराळी

म्हातारी माणसे तळमजल्यावर ठेवा, असे कोणीही सांगेल. साताऱ्यात ते ठीक. सांगलीत नदीकाठी तसे करून चालत नाही. तिथे कृष्णेवर १९२९ सालचा आयर्विन पूल आहे. पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेले की धोक्याची पातळी. २००५ साली महापूर आला. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले. २०२१ साली पुन्हा पूर. अशा वेळी तळमजल्यावरच्या आजीला कोण उचलणार?

म्हणून पुराच्या पट्ट्यात नवी वस्ती करूच नये, हे उत्तम. जिथे ती आहेच, तिथे तळ वाहनांसाठी मोकळा सोडावा आणि राहण्याची घरे पुराच्या रेषेवर घ्यावीत. पण दहा फूट चढायचे तर उतार १२० फूट लांब होतो. म्हणजे लिफ्ट आलीच. आणि पुरात वीज जाते! तेव्हा विजेचे मीटर आणि लिफ्टचे यंत्र वर ठेवावे. तळाला ठेवले की पहिल्याच पाण्यात इमारत आंधळी नि लंगडी होते. यंत्र बंद पडले तर शेवटी माणसाचेच हात लागतात. वरच्या मजल्यावर वीस तरणी मुले असली, तर आजींची खुर्ची वर नेणे दोन मिनिटांचे काम आहे.

करार लेखी असावा

नेदरलँड्स देशात डेव्हेंटर नावाचे गाव आहे. तिथल्या एका वृद्धनिवासात विद्यार्थी बिनभाड्याने राहतात. त्या बदल्यात महिन्याला ३० तास ते वडीलधाऱ्यांबरोबर घालवतात. कोणी गप्पा मारतो, कोणी संगणक शिकवतो. आपल्याकडेही असे होईल. पण दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. विद्यार्थी म्हणजे नोकर नव्हे. धुणे, भांडी, आजाऱ्याची सेवा हे त्याच्यावर लादू नये. परीक्षेच्या दिवसांत त्याला सूट द्यावी. आणि आजोबा म्हणजे फुकटची बँक नव्हे. उसनवारी नाही, कागदावर सह्या घेणे नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निवास काढण्याची तरतूद आहे. निराधारांना तो आधार हवाच. पण ज्यांना घर आहे त्यांना गावाबाहेर धाडण्यापेक्षा, आहे त्या गल्लीत माणसांत ठेवणे बरे.

तुम्ही काय कराल? नवे घर घेताना भिंतीचा रंग नंतर बघा. आधी विचारा : दारापर्यंत पायऱ्या किती? स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावते का? न्हाणीचे दार कुठे उघडते? पुराचे पाणी कुठवर आले होते? जुन्या इमारतीत राहत असाल तर सोसायटीच्या सभेत निदान कठडा, बाक आणि उतार एवढे तरी मागा. खर्च थोडा आहे.

आमच्या गुरुजींच्या इमारतीत लिफ्टची वर्गणी अजून जमते आहे. तोवर गल्लीतल्या त्या चौघांपैकी दोघे रोज संध्याकाळी गुरुजींकडे इंग्रजी शिकायला जातात. आणि दर रविवारी गुरुजी खाली येऊन पारावर बसतात. त्यांना कोण आणते, हे आता सांगायला नको.