नाण्यावरचा दुसरा ठसा

विजयाच्या स्मरणार्थ पदके पाडण्याची चाल सर्वांस ठाऊक आहे. परंतु जित राजाच्याच नाण्यांना जेत्याने आपल्या विजयाचे साक्षी करावे, असे उदाहरण नाशिकनजीकचे आहे.

१९०६ साली जोगलटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता : एका बाजूस तीन कमानींची टेकडी, दुसरीस उज्जयिनी-चिन्ह. जुना मुखवटा त्याखालून अद्याप डोकावतो. पांडवलेण्यांतील गौतमी बलश्रीचा शिलालेख क्षहरातवंशाचा उच्छेद वर्णितो. त्यास या नाण्यांनी दुजोरा दिला.

मात्र हा पुरावा एकट्या नाण्याचा नव्हे, अखंड साठ्याचा आहे. साठ्यात मधल्या तिसऱ्या राजाचे नाणे नाही, म्हणूनच नहपान व सातकर्णी समकालीन ठरतात. तोच साठा सराफाच्या मुशीत गेला असता, तर चांदी उरती, इतिहास वितळता.

यास्तव संग्राहकाने नाणे वा पदक घासून चकचकीत करू नये. ते कोठे व कशासोबत मिळाले, याची टिपणी आधी करावी. टिपणीवाचून नाणे मुके होते.