गुडघ्याचं दुखणं आणि फिजिओथेरपी

गुडघे दुखायला लागले की घरोघरी पहिला सल्ला मिळतो तो 'आता चालणं कमी करा' असा. झिजेच्या दुखण्यात हाच सल्ला बहुधा नडतो. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; हालचालीने सांध्यातलं वंगण आत-बाहेर होतं, त्यावरच ती पोसली जाते. बसून राहिलं की मांडीचा पुढचा स्नायू वाळतो आणि सगळा भार गुडघ्यावर येतो.

म्हणून फिजिओथेरपिस्ट आधी तुम्हाला चालायला लावतात, खुर्चीतून उठवून बघतात. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायला सांगतात, पाच आकडे मोजेपर्यंत. दिसायला किरकोळ, पण दुबळा स्नायू दहाव्या वेळेला थरथरायला लागतो. शेक आणि मशीन यांनी तात्पुरता आराम पडतो; खरं काम व्यायामाचं, आणि फरक जाणवायला काही आठवडे जातात.

हे मालिशवाल्याचं काम नव्हे. बीपीटी या फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमाची चार वर्षं, शरीररचनेपासून स्नायूंच्या यांत्रिकीपर्यंत अभ्यास आणि मग रुग्णालयात इंटर्नशिप, एवढं झाल्यावर पदवी मिळते. महाराष्ट्रात या व्यवसायाच्या राज्य परिषदेकडे नोंदणीही लागते. ती जरूर विचारा.

सांधा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला किंवा पाय टेकवेना, तर मात्र व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.