'काही नाही हो, जरा कसंतरी होतंय!'

नंबर लागला की बाई डॉक्टरांपुढे बसते आणि सांगू लागते, "अंगात जीवच नाही हो. छातीत धडधडतं, डोकं जड होतं, रात्र रात्र झोप नाही." डॉक्टर रक्तदाब पाहतात, रक्त तपासून घेतात. सारे ठीकठाक! मग एखादे टॉनिक, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि 'विश्रांती घ्या' हा सल्ला. पंधरा दिवसांनी बाई पुन्हा त्याच बाकावर. घरी सासूबाई म्हणतात, "हिचं नेहमीचंच आहे."

गावोगावच्या दवाखान्यांत दिसणारे हे चित्र. यातली बाई 'मी दुःखी आहे' असे एकदाही म्हणत नाही. मग ती काही लपवते का? मुळीच नाही. आपल्या भाषेत ती नेमके तेच सांगत असते.

मराठीत भावना मनात कमी आणि शरीरात जास्त राहतात. भीतीने पोटात गोळा येतो, रागाने तळपायाची आग मस्तकाला जाते, वाईट बातमीने हातपाय गळतात. आणि आपला 'जीव' तर काय काय करतो! तो लागतो, जडतो, तुटतो, घाबरा होतो, टांगणीला लागतो आणि शेवटी भांड्यात पडतो. 'नैराश्य' हा शब्द पुस्तकातला. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून कुणी 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही.

प्रेमाचेही तेच. परगावी शिकणाऱ्या मुलाला आई फोनवर पहिला प्रश्न विचारते, "जेवलास का?" वडील "पैसे आहेत ना?" एवढेच बोलून फोन आईकडे देतात. घरच्या माणसाचे आभार मानले तर तो म्हणतो, "मी काय परका आहे?" निघताना 'जाते' म्हणायचे नाही, 'येते' म्हणायचे. तमिळ घरातही 'जाऊन येतो' असेच म्हणतात आणि बंगाली माणूस तर नुसते 'येतो' म्हणून उंबरठा ओलांडतो. ज्याची धास्ती वाटते ते आणि ज्याची ओढ वाटते ते, दोन्ही तोंडाने उघड बोलायचे नाही, हे वळण आपल्या हाडीमाशी खिळलेले आहे.

या न बोलण्यात गोडवा आहे, पण त्याची किंमतही आहे. सुनेने "ताप आहे" म्हटले की तिला दोन तास पडायला मिळते. "मन लागत नाही" म्हटले तर उत्तर मिळते, "तुला काय कमी आहे?" दुखऱ्या कंबरेला लाज नसते, दुखऱ्या मनाला असते. त्यामुळे मन कंबरेच्या तोंडून बोलू लागते.

हे केवळ आपल्याकडचेच नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी चीनमधील हुनान प्रांतात 'मज्जातंतूंचा अशक्तपणा' असे निदान झालेले 100 रुग्ण तपासले. 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांतल्या 87 जणांना प्रत्यक्षात नैराश्याचा आजार असल्याचे आढळले. हे रुग्ण डोकेदुखी, थकवा, निद्रानाश यांबद्दल बोलत होते.

गोव्यातला अनुभव तर घराघरातल्या बायकांनी ऐकावा असा आहे. अंगावरून पांढरे जाते, अशक्तपणा वाटतो, ही तक्रार बायका दबक्या आवाजात करतात आणि बहुतेक वेळा त्यांना जंतुसंसर्गाचे औषध मिळते. गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी झाली. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक जवळचा होता. अर्थात, धडधड किंवा अशक्तपणा म्हणजे मनाचेच दुखणे, असे धरून चालू नये. तपासणी आधी हवीच. प्रश्न आहे तो रिपोर्ट चांगले आल्यानंतरचा.

या पाहणीमागचे एक प्रमुख नाव डॉ. विक्रम पटेल. मूळचे मुंबईचे. 1996 मध्ये गोव्यात 'संगथ' ही संस्था स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्याआधी ते आफ्रिकेत झिम्बाब्वेमध्ये काम करत होते. तिथल्या शोना भाषेत मनाच्या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करत बसणे. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या तोंडच्या अशाच शब्दांतून 14 प्रश्नांची एक यादी तयार केली.

ती यादी पुढे आज्यांच्या हाती गेली. 2006 मध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारेच्या म्बारे वस्तीत 14 आज्यांना हाताशी धरले. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बाक टाकायचा, आजीने शेजारी बसून ऐकायचे. औषध नाही, पदवी नाही. 2016 मध्ये 24 दवाखान्यांतल्या 573 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाकावर बसलेल्यांचा त्रास सहा महिन्यांनंतर इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेला होता.

गंमत म्हणजे सुरुवातीला डॉक्टरांनी त्याला 'मानसिक आरोग्याचा बाक' असे नाव दिले होते. तिथे कुणी फिरकेना. आज्यांनीच डॉक्टरांना समजावले की, बाबा, असल्या नावाच्या बाकावर कोण बसणार? मग नाव बदलून 'मैत्रीचा बाक' ठेवले आणि माणसे येऊन बसू लागली.