फिरत्या शौचालयाचा मैला घरच्या टाकीत ओतावा काय?



लग्नकार्य, जत्रा, सप्ताह असला म्हणजे हल्ली ट्रॅक्टरमागे जोडलेली पत्र्याची फिरती शौचालये भाड्याने आणतात. पंढरीच्या वाटेवर पालखीच्या मुक्कामाला तर ती रांगेने उभी असतात. त्यात आणखी एका गाडीची भर पडली आहे. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकावरचे घर. झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा आणि संडास, सगळे गाडीतच. असे पाहुणे ज्यांच्या मळ्यावर उतरतात, त्यांच्यापुढे एक प्रश्न येतो आणि जत्रेच्या गावालाही तोच येतो. गाडीच्या पोटातली मैल्याची टाकी भरली. आता ती रिकामी करायची कुठे?

गाडीवाला सोपा मार्ग सुचवतो. "दादा, तुमच्या संडासाच्या टाकीत सोडतो. वर पाचशे रुपये घ्या. मैल्यात मैला, काय बिघडतंय?"

बिघडते. पण नेमके काय बिघडते ते समजून घेतले तर कोणाला नाही म्हणायचे आणि कोणाला हो म्हणता येईल हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल. सरसकट भिण्याचे कारण नाही.

आधी आपली टाकी काय काम करते ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की सेप्टिक टाकी म्हणजे जमिनीखालचे कोठार. येईल ते साठवायचे. तसे नाही. टाकीत आलेला मैला तीन थरांत वेगळा होतो. जड भाग तळाशी बसतो, तो गाळ. तेलकट आणि हलका भाग वर तरंगतो, त्याची साय धरते. मधे राहते ते त्यातल्या त्यात निवळलेले पाणी, आणि तेवढेच पलीकडच्या नळीने शोषखड्ड्यात जाते. तळच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करतात. गोबरगॅसच्या डोममध्ये शेण कुजवणारे जिवाणू असतात ना, त्यांचेच हे भाऊबंद. ते गाळ खाऊन कमी करतात, म्हणून तर दोन-तीन वर्षे टाकी उपसावी लागत नाही.

या सगळ्याला वेळ लागतो. आत आलेले पाणी दिवस-दोन दिवस टाकीत शांत राहिले पाहिजे, अशा हिशेबाने टाकी बांधलेली असते. पाच माणसांच्या घरासाठी भारतीय मानकात दिलेली टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि आत सुमारे एक मीटर पाणी राहील एवढी खोल आहे. हिशेब केला तर जेमतेम अकराशे लिटर. आपल्याकडे अंघोळीचे आणि धुण्याचे पाणी बहुधा परसात जाते, तेव्हा या टाकीत दिवसाला पडतात त्या संडासातल्या काही बादल्या, त्याही थोड्या थोड्या, दिवसभर.

आता समजा जत्रेतल्या गाडीवाल्याने पाईप लावून पाचशे लिटर मैला दहा मिनिटांत आत सोडला. तळचा गाळ ढवळून वर येतो. वरची साय फुटते. आणि जेवढे आत आले तेवढेच पलीकडे बाहेर पडते. पण निवळलेले पाणी नव्हे, गाळमिश्रित गढूळ पाणी. ते शोषखड्ड्यात जाते. खड्ड्याच्या कडेच्या मातीतली बारीक छिद्रे या गाळाने लिंपली जातात. शेणाने अंगण सारवल्यावर पाणी मुरत नाही, तसा प्रकार होतो. टाकी उपसता येते हो, पण बुजलेला शोषखड्डा दुरुस्त करणे सोपे नाही. बहुतेक वेळा नवाच खणावा लागतो. पाचशे रुपयांत ते होत नाही.

काळ्या भारी जमिनीत हा त्रास लवकर होतो, कारण तिथे पाणी मुळातच सावकाश मुरते. मुरमाड आणि खडकाळ भागात उलटी अडचण. आपल्या काळ्या खडकाला भेगा असतात. भेगेतून गेलेले पाणी गाळले जात नाही, सरळ खाली उतरते आणि जवळ विहीर असेल तर तिच्यात येते. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट तरी लांब असावा असा दंडक आहे. तो निवळलेल्या पाण्यासाठी आहे, हे ध्यानात घ्या. गढूळ मैलापाण्यासाठी साठ फुटांचा भरवसा कोणी देऊ नये. पावसाळ्यात भूजल वर येते तेव्हा तर मुळीच नाही.

ज्यांच्याकडे सेप्टिक टाकी नसून दोन शोषखड्ड्यांचा संडास आहे, त्यांनी बाहेरचा मैला कधीही घेऊ नये. तिथे निवळण्याची सोयच नाही. आलेले पाणी थेट जमिनीत जाते.

निळ्या औषधाची गोष्ट

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. गाडीतल्या टाकीत पाणी कमी आणि मैला घट्ट असतो. उन्हात गाडी तापली की घाण सुटते. म्हणून त्यात निळे, हिरवे औषध घालतात. काही औषधांत फॉर्मालिन असते. प्रयोगशाळेत साप-बेडूक बाटलीत ठेवतात ना, त्या पाण्याच्या जातीचे. ते वास येऊ देत नाही, कारण ते जिवाणूच मारते. त्याच कारणाने ते आपल्या टाकीला विष आहे. टाकीतले जिवाणू मेले की गाळ कुजायचा थांबतो, नुसता साचत जातो आणि दोन-तीन वर्षे चालायची ती टाकी लवकर तुंबते.

म्हणून गाडीवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा: टाकीत औषध कोणते घातले? डबा दाखवायला सांगा. फॉर्मालिन किंवा फॉर्माल्डिहाइड लिहिले असेल, डबा नसेल, किंवा झाकण उघडताच डोळ्यांत झोंबणारा उग्र वास आला, तर हात जोडून नाही म्हणा. काही औषधे जिवाणू-एन्झाइमची असतात, ती टाकीला तितकी बाधत नाहीत.

"मग गोबरगॅसमध्ये सोडू का?" असेही काहीजण विचारतात. घरचा संडास गॅसला जोडणे ही उत्तम गोष्ट आहे. देहूच्या डॉ. मापुसकरांनी त्यासाठी आयुष्य वेचले आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पण औषध घातलेला मैला गॅसच्या टाकीत गेला की गॅस बसलाच म्हणून समजा. चूल थंड पडली की घरात कोणाचे बोलणे खावे लागते ते मी सांगायला नको.

मग घ्यायचेच नाही काय?

घेता येते, पण मापाने. लहान कॅरॅव्हॅनमध्ये पुष्कळदा ओढून काढता येणारी पेटी असते, साधारण वीस लिटरची. एवढा मैला चांगल्या स्थितीतल्या सेप्टिक टाकीला जड नाही. घरात चार पाहुणे दोन दिवस राहिले तर तेवढा पडतोच. औषध मारक नसेल तर ही पेटी संडासाच्या भांड्यातच सावकाश ओतावी आणि वरून दोन बादल्या पाणी घालावे. टाकीचे झाकण उघडून ओतू नये. शोषखड्ड्याकडच्या चेंबरमध्ये तर मुळीच ओतू नये. तिथे ओतले तर टाकीतून जायचे सोडून मैला थेट खड्ड्यात जातो. ओतणाऱ्याने हातमोजे घालावेत, पेटी हौदाजवळ धुऊ नये, आणि दुसरी पेटी घ्यायची तर एक-दोन दिवस जाऊ द्यावेत. गाडीतले भांडी-अंघोळीचे पाणी वेगळ्या टाकीत असते. ते संडासाच्या टाकीत न सोडता परसबागेच्या शोषखड्ड्यात सोडावे.

त्याआधी आपली टाकी किती भरली आहे ते पाहा. लांब काठीला पांढरे फडके गुंडाळा, लहान झाकणातून तळापर्यंत सोडा, थोडा वेळ धरून सावकाश वर काढा. जिथपर्यंत फडके काळे झाले तेवढा गाळ. पाण्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाइतका गाळ असेल तर बाहेरचे काही घेऊ नका, आधी टाकी उपसून घ्या. काठी सोडताना वाकून आत पाहू नका, आणि बिडी-काडी लांब ठेवा. टाकीत पेट घेणारा वायू असतो.

जत्रेच्या, लग्नाच्या मोठ्या गाड्यांचा मैला मात्र कोणत्याही घरच्या टाकीत जाऊ नये. त्याची जागा मैला टँकर आणि शहराजवळचे प्रक्रिया केंद्र. वाई नगरपालिकेने २०१८ पासून असे केंद्र चालवून घराघरांतल्या टाक्या पाळीपाळीने उपसायला सुरुवात केली. सिन्नरलाही तसेच झाले. इतर अनेक शहरांत आता अशी केंद्रे आहेत. जत्रा कमिटीने गाडी ठरवतानाच मैला कोणत्या केंद्रात नेणार हे लिहून घ्यावे आणि ती रक्कम भाड्यात धरावी. मंडपाचे, बँडचे लिहून घेता, मग याचेच का नाही? ठरले नाही तर रात्री गाडी ओढ्यात नाहीतर कोणाच्या बांधावर रिकामी होते, आणि सकाळी कोणाची गाडी होती ते कोणालाच माहीत नसते.

"रानात सोडा, खतच होईल," म्हणणारे भेटतात. सोनखताची आपल्याकडे जुनी ओळख आहे आणि त्यात खोटे काही नाही. पण सोनखत म्हणजे कुजलेला मैला. ताज्या मैल्यातली जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात तो गेला की जुडीबरोबर बाजारात आणि आपल्याच ताटात येतो. दोन खड्ड्यांच्या संडासातला भरलेला खड्डा बंद करून दीड-दोन वर्षे तसाच ठेवला, तर आतला मैला कोरडा, बिनवासाचा, मातीसारखा होतो. ते खत. कच्चा मैला हे खत नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाचे. बाहेरचा मैला घेऊन टाकी तुंबली, तर माणूस आत उतरवू नका. कोणालाही नाही, कितीही पैसे मागितले-दिले तरी नाही. टाकीत सडक्या अंड्याच्या वासाचा वायू असतो. तो जास्त झाला की नाक बधिर होते, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटते, हवा साफ आहे. दोन श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग मुलगा उतरतो. एका टाकीने एकाच घरातले दोघे-तिघे नेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशाच घडतात. कोणी आत पडलाच तर उतरू नका. आरडाओरडा करा, अग्निशमन दलाला कळवा, दोर-शिडी लावायची तर बाहेरूनच. २०१३ च्या कायद्याने अशा कामाला माणूस लावणे गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. टाकी यंत्रानेच उपसायची.

कोणी याआधीच गाडी रिकामी करून घेतली असेल तर एवढे करा. संडासात पाणी उतरायला वेळ लागतो का, शोषखड्ड्याभोवती जमीन ओली किंवा हिरवीगार दिसते का, हे पाहा. तसे असेल तर टँकर बोलावून टाकी उपसून घ्या. टाकीत ब्लीचिंग पावडर, फिनेल ओतू नका. उरलेसुरले जिवाणूही जातील. जवळ पिण्याची विहीर असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. टीसीएल टाकल्याने आणि उकळल्याने रोगजंतू मरतात, पण मैल्यातून पाण्यात उतरलेले नायट्रेट तसेच राहते, आणि ते बाटलीच्या दुधावरच्या लहान बाळाला बाधते. बाळाला वरचे दूध किंवा पाणी देत असाल, तर तपासणीचा कागद हाती येईपर्यंत त्यासाठी दुसऱ्या ठिकाणचे पाणी आणावे.